पोट लहान, ऊन मोठे : वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी कसे प्यावे?



या पत्रिकेतून शेतकी खात्यातर्फे बेणे, खते, खोडव्याची निगा आणि पाणी-पाळ्या यांविषयी वरचेवर लिहिले जाते. या अंकातही पाण्याविषयीच लिहावयाचे आहे. मात्र ते उसाच्या नव्हे, माणसाच्या पाण्याविषयी आहे.

असे लिहिण्यास कारण आहे. अलीकडे शिवारफेरीत एक नवाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. कोणाचा भाऊ, कोणाची सून, कोणाचा शहरात नोकरीला असलेला मुलगा नागपूरला किंवा मुंबईला जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतो आणि विश्रांतीसाठी गावी येतो. पहिली तक्रार जेवणाची नसते, पाण्याची असते. "साहेब, दोन घोट घेतले का पोट भरून येते, अन् तहान तं तशीच रायते. कसं करावं जी?" असा प्रश्न गोंडपिपरीकडच्या एका घरी विचारला गेला. त्याचे उत्तर सर्वांना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

प्रथमच सांगतो की मी शेतकीचा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. औषध कोणते, गोळी किती, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगावयाचे. त्यांनी दिलेला कागद आणि हा लेख यांत फरक दिसला तर त्यांचा कागद खरा मानावा. परंतु पाणी थोडे का द्यावे, सारखे का द्यावे आणि गोड पाण्याने तहान का भागत नाही, या तीन गोष्टी पिकाला पाणी देणाऱ्या माणसाला पटकन समजतात.

शस्त्रक्रियेत काय करतात?

ही शस्त्रक्रिया निव्वळ दिसण्यासाठी नसते. वजन फार वाढले की मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे असे विकार मागे लागतात. पथ्य-व्यायामाने भागले नाही तर डॉक्टर या उपायाचा विचार करतात. विदर्भालाही हा उपाय अनोळखी राहिलेला नाही. २०११ साली नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली होती.

तिचे दोन प्रकार विशेष चालतात. एकात जठराचा मोठा भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिला 'स्लीव्ह' म्हणतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. तिला 'बायपास' म्हणतात. हृदयाचा बायपास वेगळा, हा पोटाचा.

आता माप पाहू. साध्या माणसाचे जठर पोटभर जेवणानंतर एक लिटर किंवा त्याहूनही जास्त सामावून घेते. स्लीव्हनंतर जागा उरते सुमारे १०० ते १५० मिली. बायपासच्या पिशवीत सुरुवातीला ३० मिलीच्या आसपास मावते. म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे १० मिलीचे टोपण तीन वेळा भरले की पिशवी भरली. शिवाय पहिले काही दिवस आतून सूज असते, त्यामुळे पाणी पुढे सरकायलाही वेळ लागतो. अशा माणसाने शेतातून आल्यासारखा गडवा तोंडाला लावला तर छातीत दुखणार, मळमळणार आणि पाणी उलटून बाहेर येणार.

तहान एवढी का लागते?

पोट लहान झाले म्हणून शरीराची पाण्याची गरज लहान होत नाही. उलट काही कारणांनी ओढ वाढते.

एक तर अन्नातून मिळणारे पाणी बंद होते. भात, वरण, भाजी, ताक, फळे यांतून आपल्या पोटात बरेच पाणी जात असते. जेवण चार घासांवर आले की हा वाटा आटतो आणि तो पिण्याच्या पाण्यातून भरून काढावा लागतो.

दुसरे, वजन झपाट्याने उतरताना शरीर प्रथम आपला साठवलेला साखरेचा साठा वापरते. त्या साठ्याबरोबर बांधलेले पाणीही मोकळे होऊन लघवीवाटे जाते. पुढे चरबी जळू लागते. तेव्हा तोंड कोरडे पडते, तोंडाला एक निराळाच वास येतो. पुष्कळांना हीच तहान वाटते.

तिसरे कारण म्हणजे उलटी किंवा जुलाब. आधीच थोडे आत जाते, त्यातलेही बाहेर पडते.

चौथे कारण गोळ्यांचे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढविणाऱ्या असतात, मधुमेहाच्याही काही असतात. वजन शंभरावर असताना ठरविलेला डोस वजन उतरल्यावर जास्त होऊ शकतो. तो आपल्या मनाने बंद करू नये, परंतु डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुनाच चालूही ठेवू नये.

आणि पाचवे कारण आपल्या भागाचे, ते म्हणजे ऊन. एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला वैनगंगा, तरी गोंडपिपरीचा उन्हाळा कोणाला चुकलेला नाही. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या आसपास गेला होता. मुंबईच्या रुग्णालयातील थंड खोलीत बसून 'दिवसाला दीड लिटर' हा हिशेब पुरतो. आपल्याकडे कौलाखाली, वीज गेलेली असताना, तो पुरेलच असे नाही. रुग्णालयातून निघतानाच "मी चंद्रपूरकडच्या गावी राहतो, उन्हाळा आहे, पाणी किती वाढवू?" हे स्पष्ट विचारून घ्यावे.

पाटपाणी नको, ठिबक करा

सरीत पाटाने पाणी सोडले की भरपूर पाणी एकदम जाते, काही मुरते, काही वाहून जाते. ठिबकमध्ये तेच पाणी थोडे थोडे, मुळाजवळ, रोज पडते आणि वाफसा टिकतो. या शस्त्रक्रियेनंतरचे पोट ठिबकवरचे आहे असे समजावे.

बहुतेक डॉक्टर दिवसाला किमान दीड लिटर द्रव पदार्थांचे उद्दिष्ट देतात व पुढे जमेल तसे दोन लिटरपर्यंत नेतात. दीड लिटर ऐकून घरचे घाबरतात. पण हिशेब करा. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत पंधरा तास होतात. दर तासाला १०० मिली, म्हणजे एक लहान कप, घेतला की झाले दीड लिटर. तो कपही एका दमात संपवायचा नाही. सुरुवातीच्या दिवसांत दर पंधरा मिनिटांनी ३० मिली, म्हणजे ती तीन टोपणे, तीही घोट-घोट. पुढे आठवडे जातील तशी सूज उतरते आणि माप हळूहळू वाढविता येते.

यात तीन गोष्टी सांभाळाव्यात.

(१) तहान लागण्याची वाट पाहू नये. ऊस दुपारी पाने वळवू लागला म्हणजे आपण समजतो की पाळी उशिरा झाली. माणसाची तहान तशीच उशिरा सांगते. तहान लागल्यावर एकदम भरून काढण्याची सोय या पोटात नाही. म्हणून घड्याळ बघून प्यावे. घरात शाळकरी पोर असेल तर त्याच्याकडे हे काम द्यावे, ते चोख करते.

(२) वरून धार धरून पिऊ नये. आपल्याकडे गडव्याला ओठ न लावता वरून पिण्याची रीत आहे. त्यात पाण्याबरोबर पुष्कळ हवा गिळली जाते आणि लहान पोट हवेनेच फुगते. या माणसाचा पेला वेगळा ठेवावा व त्याने ओठ लावून, लहान घोट घ्यावेत.

(३) माप दिसले पाहिजे. एक लिटरची बाटली घेऊन तिच्यावर दर १०० मिलीला रेघ मारावी. सकाळी भरावी आणि कोणत्या वेळी कोणत्या रेघेपर्यंत आलो ते बघावे. "पिलो ना दिवसभर" या बोलण्यावर विसंबू नये. आपण पाण्याचे मीटर बघतो, अंदाजाने पाळी मोजीत नाही, तसेच हे.

जेवण आणि पाणी वेगवेगळ्या पाळीत

पहिले काही आठवडे जेवणच पातळ असते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. घट्ट अन्न सुरू झाले की मात्र नियम बदलतो. जेवणापूर्वी पंधरा ते तीस मिनिटे पाणी थांबवावे, जेवताना पिऊ नये आणि जेवणानंतर सुमारे अर्धा तास थांबून पुन्हा घोट सुरू करावेत.

कारण साधे आहे. १०० मिलीच्या जागेत पाणी भरले तर वरण, अंडे, पनीर हे अंगात लागणारे अन्न जाणार कुठे? आणि अन्नावर पाणी ओतले तर पोट ताणून उलटी होते.

यात एक अडचण लपलेली आहे. तीन जेवणांच्या मागे-पुढे मिळून पाण्याचे तीन-चार तास जातात. ते भरून काढण्यास मधल्या वेळेत घोट चुकवून चालत नाही. सकाळी उठल्यापासून न्याहारीपर्यंतचा वेळ व दुपारी तीन ते सात हा वेळ यांचा पुरेपूर उपयोग करावा.

उसाचा रस आणि गूळपाणी : आपल्याच मालाविषयी

आता जे लिहितो ते साखर कारखान्याच्या पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटेल. दारी आलेल्या माणसाला गूळ-पाणी देणे ही आपली रीत आहे. उन्हात रसवंतीवर नेऊन पेलाभर रस पाजणे हा आपला पाहुणचार आहे. परंतु ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची तहान रसाने भागत नाही, वाढते.

हे समजण्यास आपल्याला ब्रिक्सचे ज्ञान पुरेसे आहे. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स १८ धरला तर बर्फ न घातलेल्या २०० मिलीच्या पेल्यात ३५ ते ४० ग्रॅम विरघळलेले पदार्थ असतात व त्यांत बहुतेक साखरच असते. साध्या पोटात हा रस थांबून, जठराच्या तोटीतून थोडा थोडा आतड्यात उतरतो. बायपासमध्ये ती तोटीच वगळलेली असते. त्यामुळे दाट गोड रस धाडकन आतड्यात पडतो. तेथील गोडवा पातळ करण्यासाठी शरीर रक्तातले पाणी आतड्यात ओढून घेते. मग पोटात कळा, छातीत धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा प्रकार साधारण अर्ध्या-एक तासात होतो. याला डॉक्टर 'डम्पिंग' म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम खाली येऊन अंधारी येते. स्लीव्हनंतर हा त्रास कमी जणांना होतो, पण होतो.

खारवट जमिनीचे उदाहरण घ्या. सरीत पाणी उभे असते, तरी ऊस सुकतो, कारण मातीतला क्षार मुळाला पाणी घेऊ देत नाही. बुंध्याशी युरियाची मूठ पडली की कोंब करपतो, तेही त्याच कारणाने. पाणी नुसते असून उपयोग नाही. त्यात काय आणि किती विरघळले आहे त्यावर ते कोणत्या बाजूला जाणार हे ठरते.

तेव्हा उसाचा रस, गूळपाणी, दाट पन्हे, साखर घातलेले बेलाचे सरबत, बाटलीतली रंगीत पेये, हे सर्व बाजूला ठेवावे. बाटलीतल्या पेयांत साखरेखेरीज वायूही असतो व तो लहान पोटाला फुगवितो. यात साखरेची बदनामी नाही. चांगले खतसुद्धा वेळ आणि मात्रा चुकली की पिकाला जाळते, एवढाच त्याचा अर्थ.

मोहाच्या किंवा दुकानातल्या दारूबद्दल तर स्पष्टच सांगतो. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर आणि जास्त चढते, व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो आणि ती शरीरातले पाणी काढते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली व २०२१ ला उठली. कायदा काहीही असो, या माणसासाठी बंदी कायमची समजावी.

साखर मोजून दिली तर?

हीच साखर मोजून दिली तर नेमके उलटे काम करते. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले आणि बंगालच्या सीमेवर बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे मोजून केलेले पाणी रुग्णांना पाजावयास लावले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. आतड्याच्या अस्तरात मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते, हे त्यातले मर्म. तेच आज आपण ओआरएस म्हणून ओळखतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असते १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. उसाच्या रसात साखर याच्या दहा पटींहून जास्त असते. म्हणून एक पाणी आत नेतो आणि दुसरा बाहेर ओढतो.

जुलाब, उलटी किंवा घाम जास्त होऊन अशक्तपणा आला तर ओआरएस घोट-घोट देता येते. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असेल तर आधी विचारून घ्यावे. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने करू नये. आणि पाकीट घेताना प्रमाण वाचावे. नावात 'ओआरएस' लावलेली पण साखरच जास्त असलेली पेये बाजारात बरीच वर्षे विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट मागून घ्यावे.

तहान शमविण्याचे घरगुती उपाय

पोटात जागा नसताना तहान कशी शमवावी? पुष्कळदा कोरडे पडलेले असते तोंड. त्यासाठी पुढील उपाय करून पाहावेत.

१. साध्या पाण्याने चूळ भरून थुंकावी. दिवसातून दहा वेळा केली तरी हरकत नाही. पोटात काही न जाता तोंड ओले होते.

२. स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा लहान खडा जिभेवर ठेवून विरघळू द्यावा. चावून गिळू नये. विरघळलेले पाणीही मापात धरावे.

३. काहींना थंड पाणी कळ आणते, काहींना कोमट नको वाटते. माठातले पाणी बहुतेकांना मानवते. आपल्याला कोणते उतरते ते पाहून तेच ठेवावे.

४. साधे पाणी नकोसे झाले तर माठात वाळ्याची जुडी टाकावी, किंवा पाण्यात पुदिन्याची दोन पाने, लिंबाचा थेंब घालावा. साखर घालू नये.

५. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर लोणी काढलेले पातळ ताक जिरेपूड घालून, वरणाचे वरचे पाणी, भाजीचे गाळलेले पाणी, तांदळाची पातळ पेज, शहाळ्याचे पाणी हे थोडे थोडे घ्यावे. ते दीड लिटरच्या हिशेबात मोजता येते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने शहाळे विचारल्याशिवाय घेऊ नये.

६. ओठांना तूप लावावे. डोक्याला ओला दुपट्टा बांधावा. सकाळी दहा ते सायंकाळी पाच शेतात जाऊ नये. घामाने गेलेले पाणी या पोटातून भरून काढणे फार अवघड, म्हणून ते जाऊच न देणे सोपे. उसात पाचटाचे आच्छादन आपण त्याचसाठी करतो.

चहाबद्दल सर्वजण विचारतात. सुरुवातीचे आठवडे तो टाळावा. पुढे परवानगी मिळाल्यावर बिनसाखरेचा, अर्धा कप. लोहाची गोळी मात्र चहाबरोबर घेऊ नये, तिचे लोह अंगी लागत नाही.

धोक्याच्या खुणा

शरीरात पाणी कमी पडत आहे हे लघवीवरून प्रथम कळते. फिकट पिवळी, गव्हाच्या काडासारखी असेल तर ठीक. गडद पिवळी किंवा चहासारखी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. त्याबरोबर डोके दुखणे, बद्धकोष्ठ, थकवा, बसल्याचे उठताना चक्कर येणे, अशी लक्षणे दिसतात. बायपास झालेल्यांत पाणी सतत कमी राहिले तर मूतखड्याचा धोकाही वाढतो.

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरी उपाय करीत बसू नये. १०८ वर फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

– प्यालेले सर्व उलटून पडते आणि दिवसभरात घोटसुद्धा ठरत नाही.
– जागेपणी सात-आठ तास लघवीच झाली नाही.
– उभे राहताच अंधारी येते, नाडी फार जोरात चालते.
– पोटात तीव्र दुखणे, ताप, धाप. विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत याचा अर्थ आतला सांधा गळतो आहे असा असू शकतो.
– बोलणे असंबद्ध होते, डोळे विचित्र फिरतात, चालताना तोल जातो.
– अंग तापून घाम थांबतो व शुद्ध हरपते. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे, वारा घालावा.

येथे एक गोष्ट ठळक करून सांगतो. गोंडपिपरीहून चंद्रपूर पन्नास-साठ किलोमीटर आणि नागपूर दोनशेच्या घरात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर जवळ नसतात. आपण जातो त्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" एवढेच सांगतो आणि शस्त्रक्रियेचे सांगतच नाही. कोणी लाजेने सांगत नाही, कोणाच्या लक्षातच येत नाही. हे धोक्याचे आहे. बरेच दिवस उलट्या झालेल्या अशा रुग्णात 'बी-१' जीवनसत्त्व संपलेले असू शकते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढविले तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. डॉक्टरांना शस्त्रक्रिया माहीत असली तर ते आधी बी-१ चा विचार करतात. म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, डॉक्टरांचा फोन आणि चालू गोळ्या लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावा.

तसेच अंगदुखीची गोळी दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण पडू शकतो आणि पाणी कमी असताना मूत्रपिंडालाही त्या घातक ठरतात.

घरच्यांनी आणि गावाने काय करावे?

काही घरांत समज आहे की शस्त्रक्रियेनंतर पाणी पाजले तर टाके भिजून जखमेत पू होतो. पोटात गेलेले पाणी टाक्यांत जात नाही. रुग्णालयातून घरी सोडल्यावर या समजापायी माणसाला कोरडे ठेवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

दुसरा त्रास आग्रहाचा. "एवढ्याशा रसानं काय होते? घे ना, लेकरा!" म्हणून पेला हातात दिला जातो आणि वडीलधाऱ्यांपुढे नाही म्हणवत नाही. तिसरा त्रास टोमण्यांचा. पैसे देऊन उपाशी राहायला गेला, अशी चेष्टा चावडीवर चालते. मग तो माणूस लोकांत बाटली काढायला लाजतो, बस्त्याला किंवा लग्नाला गेला की चार-चार तास घोट घेत नाही आणि संध्याकाळी आडवा होतो. आपल्या पाहुणचाराने किंवा चेष्टेने कोणी आजारी पडू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो. अशा माणसाला गूळ पुढे करण्याऐवजी माठातले साधे पाणी लहान पेल्यात द्यावे आणि तो अर्धे ठेवील तर ठेवू द्यावे.

हंगाम बघून लागण

शेवटी एक सूचना. आपण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू असा हंगाम बघून लागण करतो. भर मे महिन्यात बेणे टाकून पाण्यावाचून कोंब वाळू देत नाही. ज्यांना शस्त्रक्रिया करावयाची आहे आणि डॉक्टरांच्या मते थोडे थांबण्यास हरकत नाही, त्यांनी हंगामाचाही विचार करावा. दिवाळीच्या सुमारास झालेल्या शस्त्रक्रियेनंतर कडक उन्हाळा येईपर्यंत पाच-सहा महिने मिळतात. तोवर सूज उतरलेली असते, घोटांची सवय झालेली असते. मार्च-एप्रिलात करून घेतली तर नाजूक दिवस नेमके उन्हात येतात. मधुमेह, हृदय किंवा श्वासाचा त्रास वाढलेला असेल तर मात्र हंगाम बघत बसू नये. निर्णय डॉक्टरांचा, पण आपले गाव कुठे आहे आणि तेथे ऊन कसे असते हे त्यांना सांगणे आपले काम आहे.

सारांश असा की पाणी घड्याळाप्रमाणे, घोटाने, मोजून प्यावे. जेवणापासून ते वेगळे ठेवावे. गोड पेय टाळावे. लघवीचा रंग रोज बघावा. आणि दवाखान्यात गेल्यावर शस्त्रक्रियेचे पहिल्या वाक्यात सांगावे.

ज्या सभासदांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी हे पान कापून माठाजवळच्या भिंतीवर लावावे.

कळावे,

ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग